बटण मशरूमच्या रूमची हवा आणि थंडावा : २० टन कंपोस्टच्या रूमचा हिशेब, जोडणी आणि रोजची चालवणूक

बटण मशरूमची रूम बांधायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, 'किती टनांचे मशीन लागेल?' खरे तर हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, रूमला ताशी ताजी हवा किती लागणार. दुसरा, ती हवा बाहेरून किती गरम आणि किती ओली येणार. ही दोन उत्तरे मिळाली की मशीनचा आकार ठरतो. महाराष्ट्रात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट निघते, कारण आपल्याकडे मशीनची खरी कसोटी मे महिन्यात नाही, जुलैत लागते.

हिमाचलमधल्या सोलनच्या मशरूम संशोधन संचालनालयाच्या धर्तीवरचे रूमचे आराखडे देशभर फिरतात. रचना म्हणून ते उत्तमच आहेत. पण सोलन साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेसाठी काढलेला मशीनचा आकडा पुण्यात जसाच्या तसा उचलू नये, आणि रत्नागिरीत तर नाहीच नाही. म्हणून इथे आकडे मुळापासून मांडले आहेत. तुमच्या रूमचे माप वेगळे असेल तर त्याच पायऱ्यांनी तुमचे आकडे काढा.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात 'टन' म्हणजे कंपोस्टचे टन. मशीनच्या टनाला 'टीआर' म्हटले आहे. एक टीआर म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट थंडावा.

नमुन्याची रूम

लांबी १८ मीटर, रुंदी ५.४ मीटर, उंची ४ मीटर. आत दोन ओळी रॅक, प्रत्येक रॅक १.४ मीटर रुंद, १५ मीटर लांब, पाच मजली. मधला बोळ १.२ मीटर, दोन्ही भिंतींकडचे बोळ ७० सेंटिमीटरचे. बेडचे क्षेत्रफळ २१० चौरस मीटर होते. चौरस मीटरला ९५ किलोच्या आसपास कंपोस्ट भरले की २० टन बसते. रिकाम्या रूमचे घनफळ ३९० घनमीटर आहे. कंपोस्ट आणि रॅकची जागा वजा केली की हवेसाठी ३४० घनमीटर उरतात. हा ३४० चा आकडा लक्षात ठेवा, वीज गेल्यावर तोच कामाला येतो.

प्रत्येक टप्प्याला काय हवे

स्पॉन रन, म्हणजे बियाण्यातली बुरशी कंपोस्टभर पसरण्याचा काळ (१२ ते १४ दिवस) : कंपोस्ट २४ ते २५ अंश सेल्सिअस, हवा त्याहून दोन-तीन अंश कमी, आर्द्रता ९५ टक्के. ताजी हवा बंद. कार्बन डायऑक्साइड १०,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा हजार भागांच्या) वर गेला तरी बुरशीला तो चालतो. पंखा मात्र अखंड चालू, कारण याच काळात कंपोस्ट स्वतःहून तापते.

केस रन (७ ते ८ दिवस) : केसिंग (बेडवरचा मातीसारखा ओलसर थर) टाकल्यावर तेच तापमान, तीच आर्द्रता, ताजी हवा बंदच.

थंड करणे आणि पिनिंग (मशरूमचे कोवळे कोंब, म्हणजे पिना, फुटणे) : चार-पाच दिवसांत हवा १६ ते १७ अंशांवर आणि कंपोस्ट १८ ते १९ अंशांवर आणायचे. कार्बन डायऑक्साइड ८०० ते १,००० पीपीएम. आर्द्रता ९५ वरून हळूहळू ८८-९० वर.

तोडणी : हवा १६ ते १८ अंश, आर्द्रता ८५ ते ८८ टक्के, कार्बन डायऑक्साइड १,३०० पीपीएमच्या आत.

पायरी १ : ताजी हवा किती?

कंपोस्टमधली बुरशी श्वास घेते. त्यातून उष्णता निघते आणि कार्बन डायऑक्साइडही. पहिल्या फ्लशच्या (मशरूमच्या पहिल्या बहराच्या) भरात डिझाइनसाठी टनाला ३०० वॅट उष्णता धरा, म्हणजे २० टनांना ६ किलोवॅट. कर्बोदक जळताना प्रत्येक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे साधारण १०.६ किलोज्यूल उष्णता निघते. या हिशेबाने ६ किलोवॅटमागे ताशी दोन किलो, म्हणजे सुमारे १.१ घनमीटर कार्बन डायऑक्साइड रूममध्ये भरत राहतो.

बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएम असतो. रूममध्ये १,३०० पीपीएम चालवायचा तर प्रत्येक घनमीटर ताजी हवा ८८० पीपीएम एवढाच बोजा बाहेर नेते. १.१ ला ०.०००८८ ने भागले की ताशी १,२५० घनमीटर येतात. राउंड करून १,३०० धरा. हीच रूम १,००० पीपीएमवर ठेवायची म्हटले तर १,९०० घनमीटर लागतील. पिनिंगला मर्यादा कडक असते, पण तेव्हा बेडवर मशरूम नसतात आणि श्वसनही कमी असते, त्यामुळे तिथे इतकी हवा लागत नाही. म्हणून कूलिंग कॉइलचा (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीचा) हिशेब १,३०० वर करावा. डॅम्पर (हवेची वाट कमीजास्त उघडणारी झडप), फिल्टर आणि हवा बाहेर जाण्याची खिडकी मात्र १,९०० ला पुरेल अशी ठेवावी.

रूममध्ये फिरणारी एकूण हवा वेगळी. ती बेडच्या प्रत्येक चौरस मीटरला ताशी १९ घनमीटर या हिशेबाने ४,००० घनमीटर धरा. यातली साधारण तिसरा हिस्सा ताजी, बाकीची रूमचीच परत फिरवलेली.

पायरी २ : थंडाव्याचा बोजा

भिंती आणि छत ८० मिलिमीटर पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनलचे असेल तर चौरस मीटरला दर अंश फरकामागे ०.२८ वॅट उष्णता आत येते. भिंती आणि छत मिळून २८४ चौरस मीटर आहेत. बाहेर ४० आणि आत १७ अंश असताना हा आकडा १.८ किलोवॅट होतो. जमिनीतून अर्धा किलोवॅट वेगळा. हीच रूम प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटांची असती तर भिंती-छतातूनच १३ किलोवॅट आत आले असते. पॅनलवर वाचवलेले पैसे वीजबिलातून दर महिन्याला जातात.

आता ताजी हवा. १,३०० घनमीटर म्हणजे पुण्याच्या उंचीवर ताशी साधारण १,४३० किलो हवा. ती १७ अंश आणि ८६ टक्के आर्द्रतेवर आणायला प्रत्येक किलोमागे किती उष्णता काढावी लागते ते पाहा.

मे महिन्यातली पुण्याची दुपार, ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता : २० किलोज्यूल. एकूण ८ किलोवॅट.

जुलैतला पुण्याचा दिवस, २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता : ३० किलोज्यूल. एकूण १२ किलोवॅट.

जूनमधली कोकणपट्टी, ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता : ४५ किलोज्यूल. एकूण साडेअठरा किलोवॅट.

चौदा अंशांनी गार असलेली जुलैची हवा मेपेक्षा दीडपट जड पडते, कारण तिच्यातल्या वाफेचे पाणी करताना कॉइलला ती सगळी उष्णता गिळावी लागते. फक्त तापमान बघून मशीन घेतलेल्या रूम उन्हाळा तरून जातात आणि पावसाळ्यात गुदमरतात. थंडावा पुरेना झाला की चालवणारा ताजी हवा कमी करतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, देठ लांबतात, आणि दोष कंपोस्टवर जातो.

पुण्याच्या जुलैची बेरीज अशी : बांधकामातून १.२, कंपोस्टची ६, ब्लोअरची (रूमची हवा फिरवणाऱ्या पंख्याची) १.२, दिवे आणि तोडणीची माणसे ०.६, ताजी हवा १२. एकूण २१ किलोवॅट. त्यावर १५ टक्के राखीव धरले की २४ किलोवॅट, म्हणजे ७ टीआर. मे महिन्याची बेरीज १८ वरच थांबते. कोकणात हीच रूम ९ टीआर मागते.

मे महिन्यात ताज्या हवेच्या तोंडाशी ओले पॅड लावले की मशीनचा बोजा उतरतो, असा एक समज आहे. पॅडमधून हवा गार होते तेव्हा तिच्यात तितकीच वाफ शिरते, एकूण उष्णता जवळपास तेवढीच राहते. कॉइलचा बोजा पॅडने कमी होत नाही. रूमला ओलावा घालण्याचा खर्च वाचतो, तेवढा फायदा खरा. नुसत्या पॅडवर रूम चालवायची तर मेमध्ये पुण्याला २४ अंशांच्या खाली उतरता येत नाही. धिंगरी (ऑयस्टर) मशरूमला ते चालेल, बटणला नाही.

पायरी ३ : मशीनची निवड

एक-दोन रूमपर्यंत थेट गॅसच्या कॉइलवर, म्हणजे डीएक्सवर, काम भागते. पुढे मात्र चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) आणि थंड पाण्याचीच कॉइल घ्या. गॅसची कॉइल कॉम्प्रेसर चालू असताना फार गार होते आणि हवेतले पाणी ओढून घेते, बंद झाली की कॉइलवरचे पाणी परत हवेत जाते. रूमची आर्द्रता दर दहा-पंधरा मिनिटांनी वरखाली होते आणि कोवळ्या पिना ते सोसत नाहीत. थंड पाण्याच्या कॉइलवर तीन-मार्गी मोटार व्हॉल्व्ह लावला की थंडावा थेंबाथेंबाने कमीजास्त करता येतो.

पाणी ६ ते ७ अंशांचे द्या, परत येताना ते ५ अंशांनी तापलेले असावे. २४ किलोवॅटला मिनिटाला ६९ लिटर पाणी लागते. कॉइल मोठ्या तोंडाची घ्या, किमान अर्धा चौरस मीटर, म्हणजे तिच्यावरून हवा सेकंदाला २.२ मीटरच्या आसपास जाईल. वेग अडीच मीटरच्या वर गेला की फिनवरचे (कॉइलच्या पातळ पत्र्यांवरचे) थेंब हवेबरोबर उडून डक्टमध्ये जातात.

सहा रूम दहा-दहा दिवसांच्या अंतराने भरत असाल तर सगळ्या एकदम भरात येत नाहीत. सहा गुणिले ७ म्हणजे ४२ टीआर, त्याचे ७० टक्के धरले तर ३० टीआर पुरतात. पण ३० चा एक चिलर घेऊ नका, १५-१५ चे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसऱ्यावर सहाही रूम धकतील, फक्त नवी रूम थंड करायला घेणे पुढे ढकलावे लागेल. चिलरच्या कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला) सावली द्या आणि भोवती मोकळी जागा ठेवा. भिंतीला खेटून बसवलेला चिलर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो.

पायरी ४ : एएचयूची (हवा गाळून, गार करून रूममध्ये सोडणाऱ्या पेटीची) जोडणी

हवेच्या वाटेने क्रम असा : ताज्या हवेचे फिल्टर आणि डॅम्पर, परतीच्या हवेचा डॅम्पर, मिक्सिंग बॉक्स, कूलिंग कॉइल, हीटिंग कॉइल, ब्लोअर, मग वाफ किंवा फॉग (पाण्याचा बारीक फवारा), आणि शेवटी डक्ट.

ब्लोअर सेंट्रिफ्यूगल, मागे वळलेल्या पात्यांचा, ताशी ४,००० घनमीटर आणि ५० मिलिमीटर पाणी दाबाचा. मोटर २ एचपी, व्हीएफडीसह (मोटरचा वेग कमीजास्त करणारे उपकरण). भिंतीत बसवायचा साधा पंखा इथे चालत नाही. फिल्टर, कॉइल आणि डक्टचा अडथळा समोर आला की त्याची हवा निम्म्याहून खाली येते. व्हीएफडीवर वेग ८० टक्के केला की वीज जवळपास निम्मी लागते, त्यामुळे रात्री आणि दोन फ्लशच्या मधल्या काळात तो वसूल होतो.

ताज्या हवेला आधी धुळीचा प्री-फिल्टर, मागे २ मायक्रॉनचा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबाची नळी लावून ठेवा. नव्या फिल्टरच्या दुप्पट दाब दिसला की तो बदला. नुसत्या डोळ्यांनी बघून फिल्टर भरला की नाही ते कळत नाही.

हीटिंग कॉइल आपल्याकडे कशाला, असे वाटते. पावसाळ्यात ओलावा काढायला हवा १२-१३ अंशांपर्यंत उतरवावी लागते. तेव्हा रूममध्ये बोजा कमी असेल तर रूम हवी त्याहून गार होते. ओलावा काढून झाल्यावर हवा पुन्हा अंश-दोन अंश तापवता आली पाहिजे. शिवाय जुन्नर-नाशिककडच्या डिसेंबरच्या रात्री स्पॉन रनला उष्णता लागतेच. ६ ते ९ किलोवॅटची कॉइल पुरते.

निचऱ्याकडे बहुतेक जोडणीवाले दुर्लक्ष करतात, म्हणून जरा सविस्तर. कॉइल ब्लोअरच्या आधी असल्याने तिथे हवा आत ओढली जाते. खालच्या ट्रेची नळी साधी सोडली तर बाहेरची हवा नळीतून आत शिरते, पाणी ट्रेमध्ये तुंबते आणि एक दिवस भरून ब्लोअरमध्ये जाते. त्याच नळीतून माशाही आत येतात. ५० मिलिमीटर दाबाच्या ब्लोअरला नळीचा यू-ट्रॅप किमान ७५, शक्यतो १०० मिलिमीटर खोल हवा. मशीन सुरू करण्याआधी ट्रॅपमध्ये पाणी ओता. कोरडा ट्रॅप म्हणजे ट्रॅप नसल्यासारखाच.

पायरी ५ : डक्ट आणि हवा बाहेर जाण्याची वाट

मधल्या बोळावर, छताला टांगून, ५०० मिलिमीटर व्यासाचा पॉलिथिनचा डक्ट. टोक बांधून बंद. ४,००० घनमीटर हवा त्यातून सेकंदाला पावणेसहा मीटरने जाते. भोके ५० मिलिमीटरची, ७६. दोन ओळींत, प्रत्येक ओळीत ३८, दर ४२ सेंटिमीटरला एक. ओळी घड्याळाच्या पाच आणि सात या काट्यांच्या दिशेला. भोकांचे एकूण क्षेत्रफळ डक्टच्या तोंडाच्या तीन चतुर्थांश होते. ते डक्टएवढे किंवा जास्त केले की डक्ट फुगत नाही आणि सुरुवातीच्या भोकांतून हवाच निघत नाही. तरीही टोकाकडची भोके थोडी जास्त जोरात फेकतात, कारण तिथे हवेचा वेग मरून दाब वाढतो. तिकडची दोन-चार भोके टेप लावून बंद करा.

हवा मधल्या बोळात खाली आपटते, जमिनीवर पसरते आणि रॅकच्या मजल्यांमधून वर चढते. डक्ट बोळावरच असावा याला आणखी एक कारण आहे. १७ अंश आणि ८६ टक्के आर्द्रतेच्या हवेला पावणेपंधरा अंशांवर दव धरते, आणि डक्टमध्ये तर १२-१३ अंशांची हवा असते. डक्टला घाम येणारच. तो बोळात टपकला तर बिघडत नाही, बेडवर टपकला तर त्या पट्ट्यात डाग पडतात. फार टपकत असेल तर ब्लोअरचा वेग वाढवा, म्हणजे तोच थंडावा कमी गार हवेने देता येतो.

हवा बाहेर जायला समोरच्या भिंतीत ४५ बाय ४५ सेंटिमीटरची खिडकी ठेवा, हलक्या पात्यांची, हवेच्या दाबाने उघडणारी. बाहेरून ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) नायलॉन जाळी. जाळी बारीक असल्याने ती खिडकीच्या तिप्पट क्षेत्रफळाच्या चौकटीवर ताणा, नाहीतर हवा अडते. खिडकी कॉरिडॉरमध्ये उघडू नका. एका रूमचे बीजाणू आणि रोग सगळ्या रूममध्ये पोचवण्याचा तो सरळ मार्ग आहे. बाहेर ढकलणारा पंखाही नको. रूममध्ये दाब बाहेरपेक्षा थोडा जास्तच राहिला पाहिजे. दाराच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती बाहेरच्या बाजूला उडाली पाहिजे.

पायरी ६ : कंपोस्ट भरण्याआधी रिकाम्या रूमची तपासणी

हा एक दिवस कुणी देत नाही, आणि पुढचे साठ दिवस अंदाजावर जातात.

१. ताज्या हवेच्या तोंडाशी ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारे यंत्र) धरून डॅम्पर ०, १०, २० असा १०० टक्क्यांपर्यंत उघडत जा आणि प्रत्येक वेळी ताशी किती घनमीटर हवा येते ते लिहा. डॅम्पर २० टक्के उघडला म्हणजे २० टक्के हवा आली असे होत नाही. हा तक्ता एएचयूच्या दारावर चिकटवा.

२. डॅम्पर पूर्ण बंद असताना आकडा शून्य आला पाहिजे. पात्याची रबरपट्टी गळकी असेल तर स्पॉन रनमध्ये कार्बन डायऑक्साइड चढतच नाही आणि केसिंग कोरडे पडते.

३. उदबत्ती पेटवून प्रत्येक रॅकच्या पाचही मजल्यांवर, दोन्ही टोकांना आणि मध्ये, बेडच्या पातळीवर धरा. धूर सावकाश एका बाजूला वाहत जायला हवा, सेकंदाला १० ते १५ सेंटिमीटर. सरळ वर उभा राहिला तर तिथे हवा मेलेली आहे. झटक्यात आडवा झाला तर तिथले केसिंग वाळेल. भोके बंद-उघडी करून हे आताच जुळवा.

४. कार्बन डायऑक्साइडचा मीटर उघड्यावर नेऊन बघा. ४२० ते ४५० दाखवायला हवा. नसेल तर तिथेच जुळवा.

५. आर्द्रतेसाठी इलेक्ट्रॉनिक सेन्सरवर एकट्यावर विसंबू नका. ९० टक्क्यांच्या वर राहून तो हळूहळू खोटे बोलू लागतो. ओल्या आणि कोरड्या फडक्याचे दोन थर्मामीटर, त्यावरून वाहती हवा, डिस्टिल्ड पाणी आणि दर आठवड्याला नवी वात. कोरडा १७ असताना ओला १५.५ दाखवत असेल तर आर्द्रता ८६ टक्के. ओला १६ झाला की ९० आणि १५ झाला की ८१-८२. अर्ध्या अंशात चार-पाच टक्के फिरतात, म्हणून दोन्ही थर्मामीटर एकाच बादलीत बुडवून सारखे वाचतात का ते आधी पाहा.

पायरी ७ : चालवताना

स्पॉन रनमध्ये हवेच्या नव्हे, कंपोस्टच्या तापमानावर नियंत्रण ठेवा. सहा ठिकाणी प्रोब खुपसा, वरच्या, मधल्या आणि खालच्या मजल्यावर. सातव्या ते दहाव्या दिवशी कंपोस्ट झपाट्याने तापते. ते २८ च्या पुढे जाऊ देऊ नका. त्यासाठी हवा आधीपासूनच खाली आणावी लागते, २७ दिसल्यावर धावून उपयोग होत नाही.

या काळात रूममध्ये शिरण्याआधी ताज्या हवेचा डॅम्पर उघडून ब्लोअर पूर्ण वेगाने चालवा आणि मीटर बघा. माणसांना आठ तासांच्या कामासाठी मर्यादा ५,००० पीपीएमची आहे, आणि स्पॉन रनच्या रूममध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. एकट्याने जाऊ नका.

थंड करणे हा सगळ्या पिकाचा निर्णायक आठवडा. हवा रोज एक ते दीड अंशाने उतरवा, कार्बन डायऑक्साइड तीन दिवसांत हजारावर आणा. एका दिवसात सगळे खाली आणले तर पिनांचा सडा पडतो आणि मशरूम बटणाएवढेच राहतात. रेंगाळलात तर बुरशी केसिंगवर पांढरी चादर धरते, पाणी आत मुरत नाही आणि पिना तुरळक येतात. नेमका वेग जातीवर आणि केसिंगवर अवलंबून असतो, पण मधला मार्ग बहुतेक वेळा पिना कमी पण मोठ्या देतो, आणि बाजारात त्यालाच भाव आहे.

पिना वाटाण्याएवढ्या झाल्यावर पाणी सुरू होते. पाणी दिल्यानंतरचे दोन-तीन तास सर्वांत महत्त्वाचे. टोप्यांवरचे पाणी तेवढ्या वेळात वाळलेच पाहिजे. पाणी देण्याआधी ब्लोअर वाढवा, ताजी हवा थोडी जास्त उघडा, वाफ बंद करा. टोपी ओली राहिली की जिवाणूजन्य डाग येतो, आधी फिकट पिवळा, मग तपकिरी आणि चिकट. संध्याकाळी पाणी देऊन रूम बंद करून घरी जाण्याची सवय याच रोगाला आमंत्रण देते.

ओलावा कमी पडला तर वाफ की फॉग? पिकाच्या काळात, विशेषतः उन्हाळ्यात, फॉग बरा. ताशी एक किलो वाफ कॉइलवर पाऊण किलोवॅट बोजा टाकते. फॉगचे पाणी मात्र आरओचे हवे, नाहीतर नोझल चोंदतात आणि टोप्यांवर चुन्याची पांढरी पूड बसते.

पीक बघून हवेचा दोष ओळखणे

लांब देठ, लहान टोपी, लवकर उघडणारे मशरूम : कार्बन डायऑक्साइड जास्त. एकाच मजल्यावर दिसत असेल तर ताजी हवा पुरेशी आहे, ती तिथे पोचत नाही. पुन्हा उदबत्ती.

टोपीवर खवले, तडे : हवा कोरडी किंवा जोरात. डक्टच्या भोकांसमोरच्या बेडवर असेल तर भोकाची दिशा बदला.

वरच्या आणि खालच्या मजल्यात दोन अंशांहून जास्त फरक : एकूण हवा कमी फिरते आहे. फिल्टर, बेल्ट आणि व्हीएफडीचा आकडा बघा.

छतावरून थेंब : पॅनलचा सांधा गळका आहे किंवा लोखंडी खांब पॅनल भेदून बाहेर गेला आहे. बाहेरून सिलिकॉन भरा, खांबाला आतून इन्सुलेशन चढवा.

डीएक्सच्या कॉइलवर बर्फ : हवा कमी किंवा गॅस कमी. बर्फ फोडू नका, कॉम्प्रेसर बंद करून ब्लोअर चालू ठेवा.

वीज गेली तर

पहिल्या फ्लशच्या भरात ताशी १.१ घनमीटर कार्बन डायऑक्साइड ३४० घनमीटर हवेत मिसळत असतो, म्हणजे तासाला सुमारे ३,२०० पीपीएम. हजारावरची रूम तासाभरात चार हजारांवर जाते. तापमान मात्र त्या मानाने सावकाश चढते, कारण २० टन कंपोस्टमधल्या पाण्याला तापायला वेळ लागतो. म्हणून आधी ब्लोअर चालू करा, चिलर नंतर. चिलरला मोठा जनरेटर लागतो आणि तो सुरू व्हायला वेळ जातो. ब्लोअर सव्वा किलोवॅटचा आहे, तो वेगळ्या लहान जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर घ्या, आणि ती जोडणी आपोआप बदलणारी ठेवा. चिलर बंद असताना ताजी हवा पूर्ण उघडू नका. रूम १,५०० च्या आसपास राहील एवढीच उघडा, नाहीतर जुलैतला बाहेरचा ओलावा थंड टोप्यांवर दव होऊन बसेल.

पीक संपल्यावर

शेवटच्या तोडणीनंतर रूम कंपोस्टसकट वाफेने ७० अंशांवर १२ तास ठेवतात. त्याआधी कार्बन डायऑक्साइड आणि आर्द्रतेचे सेन्सर काढा, फिल्टर काढा, पॉलिथिनचा डक्ट उतरवून फेका, तो दर पिकाला नवाच हवा. थंड पाण्याच्या कॉइलचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम बंद करू नका. अडकलेले पाणी तापून फुगते आणि कॉइल फाडते, परतीची बाजू उघडी राहू द्या. डीएक्स कॉइल असेल तर आधी तंत्रज्ञाकडून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्या, कारण ७० अंशांवर आतला दाब धोक्याच्या पातळीवर जातो. खिडकीच्या पात्यांना आतून पॅनलचा तुकडा लावून बंद करा. वाफ थांबल्यावर रूम एकदम गार करू नका. आतली गरम हवा झटक्यात आकसली तर पॅनल आत ओढले जातात आणि सांधे सुटतात. ताज्या हवेचा डॅम्पर दहा टक्के उघडा ठेवून रूम रात्रभर आपोआप निवू द्या, मग दार उघडा.